'नंबर नाही' म्हणजे डोळा बरा नव्हे!

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत रोज रात्री दहा-पंधरा मुलेमुली अभ्यासाला बसतात. त्यातला एक मुलगा बारावी होऊन भरतीची तयारी करीत होता. दीड वर्षात त्याचा चष्मा तीन वेळा बदलला. दर वेळी नंबर वेगळा, आणि त्यातही तिरका नंबर वाढलेला. बाप हमाली करणारा. त्याने तिन्ही वेळा पदरमोड करून चष्मा करून दिला. मधल्या काळात एका मोफत शिबिरातही मुलाला नेले. तिथे त्याने तक्त्यावरच्या खालच्या ओळी डोळे बारीक करून कशाबशा वाचल्या. तपासणाऱ्याने सांगितले, "ठीक आहे. मोबाईल कमी बघ."

मुलगा मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. रस्त्यावरचा दिवा मला एक दिसत नाही, त्याला खाली शेपूट फुटलेले दिसते, चंद्र एकाचे तीन दिसतात. मित्र हसत. घरचे म्हणत, अभ्यासाचा कंटाळा आला की असेच सुचते. पुढे वस्तीतलीच एक मुलगी सुट्टीत घरी आली. ती नेत्रतपासणीचा अभ्यासक्रम शिकत होती. तिने पिशवीतून बॅटरीसारखे एक छोटे यंत्र काढले, मुलाला अंधाऱ्या खोलीत बसवले आणि प्रत्येक डोळ्यात अर्धा मिनिट उजेडाची पट्टी फिरवून पाहिली. मग म्हणाली, "हा नुसता नंबर नाही. बुबुळ पुढे टोकदार होत चालले असावे. याला याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात न्या." मोठ्या दवाखान्यातल्या मोठ्या यंत्राने तेच सांगितले. एका डोळ्याचे दुखणे बरेच पुढे गेले होते. दुसरा डोळा वेळेवर हाती लागला.

हे आम्ही कोणा एका शिबिराला दोष देण्यासाठी लिहीत नाही. शिबिरात राबणारी माणसेही आपलीच असतात. दिवसाला दोन-तीनशे माणसे तपासायची म्हटल्यावर तक्ता वाचून घेणे आणि चष्मा देणे यापलीकडे त्यांच्या हाती वेळ राहत नाही. आमचा सवाल वेगळा आहे. लाखो रुपयांचे यंत्र नसताना अर्ध्या मिनिटात जो दोष लक्षात येतो, तो दीड वर्ष का लक्षात आला नाही? स्वस्त उपाय उपलब्ध असून तो आमच्या दारापर्यंत का येत नाही?

आधी दोष कसला ते समजून घेऊ. डोळा हा कॅमेऱ्यासारखा आहे हे आपण शाळेत शिकलो. बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा आणि आतले भिंग मिळून उजेडाचे किरण मागच्या पडद्यावर एका बिंदूत आणतात. ते बिंदूच्या अलीकडे जमले तर वजा नंबर, पलीकडे जमले तर अधिक नंबर, आणि उभ्या व आडव्या दिशेला वेगवेगळ्या ठिकाणी जमले तर तिरका किंवा सिलिंडरचा नंबर. हे तिन्ही दोष चष्म्याने सुधारतात. परंतु बुबुळाचा पृष्ठभागच वेडावाकडा असेल, जुन्या घराच्या खिडकीची काच जशी लाटदार असते तसा, तर कोणत्याही चष्म्याने चित्र पूर्ण स्वच्छ होत नाही. हा दोष कधी अगदी बारीक असतो, कधी वाढत जाणारा असतो. त्याची कारणे अनेक. बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येणे, ज्याला डॉक्टर केरॅटोकोनस म्हणतात. डोळ्याला लागून बुबुळावर व्रण राहणे. उन्हाधुळीत राबणाऱ्यांच्या बुबुळावर मांस चढणे. डोळ्यांतला ओलावा कमी होणे. मोतीबिंदूची सुरुवात.

या यादीकडे नीट बघा. उसाचे पाते कोणाच्या डोळ्याला लागते? मळणीचे कूस कोणाच्या डोळ्यात जाते? दिवसभर उन्हात, धुरळ्यात, सिमेंटच्या भुकटीत कोण उभे असते? हे दोष सर्वांनाच होऊ शकतात, पण त्यांचे ओझे कष्टकऱ्याच्या डोळ्यावर अधिक पडते, आणि तपासणी मात्र त्याची सर्वांत कमी होते.

आता तक्त्याविषयी. अक्षरांचा तो तक्ता हॉलंडच्या स्नेलेन नावाच्या डॉक्टराने १८६२ मध्ये प्रसिद्ध केला. उत्तम साधन आहे. आजही त्यावाचून चालत नाही. पण तो काय मोजतो? पांढऱ्या पाटीवरची ठळक काळी अक्षरे, भरपूर उजेडात, ओळखता येतात की नाही एवढेच. भर उजेडात डोळ्याची बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते. किरण बुबुळाच्या मधल्या छोट्या भागातूनच आत जातात, आणि कडेचे दोष झाकले जातात. रात्री तरुण माणसाची बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत पसरते. मग बुबुळाचा सगळा वेडावाकडेपणा चित्रात उतरतो. म्हणून दिवसा तक्ता वाचणारा मुलगा रात्री दिव्याला शेपूट असल्याचे सांगतो. तो खोटे बोलत नसतो. तक्त्याने त्याला नेमका प्रश्नच विचारलेला नसतो.

हे बारीक दोष मोजणारी यंत्रे आज आहेत. बुबुळाचा नकाशा काढणारी आहेत, डोळ्यातून परतणाऱ्या किरणांची लाट मोजणारी आहेत. त्यांची किंमत लाखांत जाते, म्हणून ती शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत असतात. आणि तिथे ती पुष्कळदा कोणासाठी वापरली जातात? लेसरने चष्मा घालवू इच्छिणाऱ्यांसाठी. तसे लेसर करण्यापूर्वी बुबुळाचा नकाशा काढणे आवश्यकच असते, त्यात काही गैर नाही. पण यातली विसंगती पाहा. ज्याला चष्मा नको आहे त्याच्या बुबुळाचा कणन् कण मोजला जातो, आणि ज्याची नजर खरोखर जात आहे त्याला "मोबाईल कमी बघ" एवढा सल्ला मिळतो.

मात्र या महागड्या यंत्रांच्या मुळाशी असलेली युक्ती फार जुनी आणि फार स्वस्त आहे. १६१९ मध्ये शायनर नावाच्या जर्मन पंडिताने एका पुठ्ठ्याला जवळजवळ दोन बारीक भोके पाडली आणि त्यांतून एका बिंदूकडे पाहिले. डोळा त्या बिंदूवर नीट जमला असेल तर बिंदू एक दिसतो, नसेल तर दोन दिसतात. आजचे लाखो रुपयांचे यंत्र हेच करते. दोन भोकांच्या जागी शेकडो बारीक भिंगे लावते आणि हिशेब संगणकाकडून करून घेते. म्हणजे ज्ञान चारशे वर्षांपूर्वीचे आहे. महाग झाली ती त्याची पेटी.

म्हणून आम्ही येथे काही साध्या पद्धती मुद्दाम तपशिलाने देत आहोत. शिकलेल्या कार्यकर्त्याने त्या समजून घ्याव्यात आणि इतरांना सांगाव्यात.

पहिली पद्धत सुईच्या भोकाची. जाड काळ्या पुठ्ठ्याला सुमारे एक मिलिमीटरचे भोक पाडा. एक डोळा झाका. दुसऱ्या डोळ्याने, चष्मा असेल तर तो लावून, तक्ता वाचायला सांगा. मग तोच तक्ता भोकातून वाचायला सांगा. भोकातून जास्त ओळी वाचता आल्या तर दोष बहुधा किरण जमण्यातला आहे. चष्माच नीट नसेल, किंवा बुबुळाचा पृष्ठभाग वाकडा असेल, किंवा भिंग गढूळ होऊ लागले असेल. नवा, नीट तपासून दिलेला चष्मा लावूनही भोकातून अधिक स्पष्ट दिसत असेल तर तो इशारा समजा. चष्म्याने जे साधत नाही ते भोकाने साधते, याचा अर्थ तिथे चष्म्यापलीकडचा दोष असू शकतो. आणि भोकातूनही काही फरक पडत नसेल, उलट कमीच दिसत असेल, तर दोष मागच्या पडद्याचा किंवा नसेचा असण्याची शक्यता असते. त्यालाही डॉक्टरकडे धाडायचेच आहे.

दुसरी पद्धत एका दिव्याची. मोबाईलच्या बॅटरीवर स्वयंपाकघरातली चांदी गुंडाळा आणि तिला सुईने एक भोक पाडा. खोलीत अंधार करा. पंधरा फुटांवर हा ठिपका ठेवा. एका वेळी एकच डोळा उघडा ठेवून जे दिसते ते कागदावर काढायला सांगा. आपण काही सुचवू नका. त्याला काढू द्या. थोडे किरण फुटलेला तारा बहुतेकांना दिसतो, तो दोष नव्हे. ठिपका एका दिशेला रेषेसारखा ताणलेला दिसला आणि योग्य चष्म्याने सावरला तर तो साधा तिरका नंबर. पण एकाच बाजूला धूमकेतूसारखे शेपूट, किंवा एकाच डोळ्याला ठिपक्याच्या दोन-तीन सावल्या, आणि त्या चष्म्यानेही जात नसतील, तर बुबुळ किंवा भिंग यांची नीट तपासणी हवी. पापणी मिटून उघडल्यावर चित्र दर वेळी बदलत असेल तर डोळ्यांतला ओलावा कमी असू शकतो. एक खात्रीही करून घ्यावी. चष्मा काढून मान एका बाजूला कलवायला सांगा. शेपूटही मानेबरोबर कलले तर दोष डोळ्यातला आहे, बाहेरच्या दिव्यातला नव्हे.

तिसरी पद्धत गोल चकतीची. पोर्तुगालच्या प्लासिडो नावाच्या डॉक्टराने १८८० मध्ये ती काढली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर एकात एक काळी वर्तुळे काढायची, मधोमध भोक पाडायचे. तपासायच्या माणसाने खिडकीकडे पाठ करून बसायचे, म्हणजे उजेड चकतीवर पडेल. आपण चकती डोळ्यासमोर धरून मधल्या भोकातून पाहायचे. बुबुळ हा छोटा आरसाच आहे. त्यात त्या वर्तुळांचे प्रतिबिंब दिसते. वर्तुळे गोल दिसली तर बरे. नीटस लंबगोल दिसली तर साधा तिरका नंबर. खालच्या बाजूला दाटलेली, अंड्यासारखी ओघळलेली दिसली तर बुबुळ टोकदार होत असल्याचा संशय. कुठे तुटलेली दिसली तर तिथे व्रण किंवा कोरडेपणा असू शकतो. मोबाईलच्या कॅमेऱ्याने त्या भोकातून फोटो काढला तर तो डॉक्टरला दाखवताही येतो. हीच जुनी युक्ती घेऊन मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी बंगळूरच्या शंकरा नेत्र रुग्णालयाबरोबर मोबाईलला लावायची चकती तयार केली आणि फोटोवरून बुबुळाचा नकाशा काढणारी आज्ञावली २०२१ मध्ये मांडली.

चौथी पद्धत त्या मुलीने वापरली ती, रेटिनोस्कोपची. फ्रेंच डॉक्टर क्युनिये याने १८७३ मध्ये ती पुढे आणली. डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवली की बाहुलीत लाल उजेड सरकतो. तो कसा सरकतो यावरून नंबर काढता येतो. तपासल्या जाणाऱ्याने एक शब्दही बोलण्याची गरज नसते. म्हणून अक्षरे न येणाऱ्या आजीला आणि दोन वर्षांच्या बाळालाही ही पद्धत चालते. हा उजेड एकसंध न सरकता कात्रीच्या दोन पात्यांसारखा उघडमीट करू लागला तर जाणकार सावध होतो. बुबुळ शंकूसारखे होण्याची ही पुष्कळदा लवकर सापडणारी खूण असते. हे साधन काही हजार रुपयांत मिळते. मात्र ते हाताळण्याचे कौशल्य कमवावे लागते. पुठ्ठ्यासारखे ते कोणाच्याही हाती देता येत नाही. पण ज्यांना ते येते अशी माणसे सरकारी व्यवस्थेत आहेत. आपल्या राज्यात ग्रामीण रुग्णालयांपर्यंत नेत्रचिकित्सा अधिकारी हे पद आहे. त्या जागेवर माणूस आहे का, त्याच्याकडे चालू रेटिनोस्कोप आहे का, आणि तो वापरण्याइतका वेळ त्याला मिळतो का, हे तीन प्रश्न आपण कधी विचारले आहेत काय?

येथे नाशिकच्या एका माणसाची आठवण करणे योग्य होईल. नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांच्या अमेरिकेतील एमआयटीमधल्या चमूने २०१० मध्ये नेत्र नावाचे साधन मांडले. मोबाईलच्या पडद्यावर प्लॅस्टिकचे छोटे भिंग बसवायचे, त्यातून दिसणाऱ्या रेषा बटणे दाबून एकमेकींवर आणायच्या, आणि त्यावरून नंबर निघतो. मोठ्या यंत्राची युक्ती त्यांनी उलटी फिरवली आणि भिंगाचा खर्च एक-दोन डॉलरांवर आणला. स्वस्त म्हणजे हलके, ही आपल्या मनातली समजूत अशा उदाहरणांनी पुसली पाहिजे.

आता कोणी म्हणेल, पोटाला भाकर नाही, डोक्यावर छप्पर नाही, अॅट्रॉसिटीचे खटले पडून आहेत, आणि तुम्ही बुबुळाचा आकार काय सांगत बसलात? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो.

नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरील हजारो माणसांचे डोळे तपासून झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. बुबुळाची वक्रशक्ती ४८ डायॉप्टर किंवा त्याहून अधिक, म्हणजे शंकूसारखे होण्याचा संशय घ्यावा इतकी, सुमारे २.३ टक्के लोकांत आढळली. अमेरिकेतल्या मिनेसोटा भागात १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुन्या अभ्यासात हेच दुखणे लाखात सुमारे ५४ जणांना असल्याचे आढळले होते. दोन्हींच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. नागपूरकडे फक्त वक्रता मोजली होती, पूर्ण नकाशा काढला नव्हता, तेव्हा आकडे थेट शेजारी ठेवता येणार नाहीत. पण निम्म्याने कमी केले तरी आपल्याकडे हा दोष विरळा नाही, एवढे उघड दिसते. आणि हे दुखणे सुरू कधी होते? बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षानंतर, आणि वाढते विशी-तिशीपर्यंत. म्हणजे दहावी, बारावी, पदवी, भरती, स्पर्धा परीक्षा. आपल्या मुलांच्या आयुष्याची जी दहा-पंधरा वर्षे पिढ्यान्‌पिढ्यांचे दारिद्र्य तोडण्याची असतात, नेमकी तीच. "शिका" हा बाबासाहेबांचा आदेश पाळायला निघालेल्या मुलाची अक्षरेच पुसट होत असतील, तर त्याला आळशी म्हणून हिणवायचे की त्याचा डोळा तपासायचा?

यावर उपाय नसता तर गोष्ट वेगळी. उपाय आहे. बुबुळावर रिबोफ्लेविनचे थेंब घालून त्यावर ठरावीक अतिनील किरण सोडायचे, म्हणजे बुबुळाचे धागे घट्ट होतात आणि बहुतेकांत दुखणे पुढे जायचे थांबते. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथील डॉक्टरांनी रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आता आपल्या देशात अनेक ठिकाणी हा उपचार होतो. पण तो थांबवतो. गेलेली नजर परत आणत नाही. म्हणून लवकर ओळखणे हेच त्यातले अर्धे काम. उशीर झाला तर कडक लेन्स, आणि अगदी पुढे गेले तर बुबुळ बदलण्याची शस्त्रक्रिया. सुईचे भोक पाडलेला पुठ्ठा आणि बुबुळ बदलणे, यांच्यातल्या खर्चाचा हिशेब कोणीही करावा. डोळे चोळण्याची सवयही या दुखण्याला हातभार लावते असे डॉक्टर सांगतात. धुळीने डोळे खाजतात म्हणून चोळणाऱ्या मुलाला रागावण्यापेक्षा खाजेवर औषध मिळवून देणे हा पहिला उपाय आहे.

नजर आणि रोजी यांचे नाते तर याहून सरळ आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना जवळचे पाहण्याचा साधा चष्मा दिला, निम्म्यांना नंतर दिला. चष्मा मिळालेल्यांनी इतरांपेक्षा सुमारे २२ टक्के अधिक पाने खुडली. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. इथे दोष बारीकही नव्हता, वयानुसार सर्वांना येणारी चाळिशीच होती. तरीही तोवर त्या बायांच्या नाकावर कोणी चष्मा ठेवला नव्हता. साध्या दोषाची ही गत, तर बारीक दोषाची काय असेल?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आमच्याच कार्यकर्त्यांकडून येतो. श्रीमंतांना यंत्र आणि आम्हाला पुठ्ठा? ही तर आरोग्यातली चातुर्वर्ण्यव्यवस्था झाली! आम्ही या रागाशी सहमत आहोत. पुठ्ठ्याची तपासणी यंत्राच्या जागी कोणी खपवू लागला तर तिला विरोधच केला पाहिजे. पुठ्ठा नंबर काढत नाही. काचबिंदू ओळखत नाही. मधुमेहाने मागचा पडदा खराब होतो तोही दाखवत नाही. त्यातून कधी निष्कारण संशय येईल, कधी खरा दोष निसटेल. त्याचे काम एवढेच की शंभरातून कोणाला पुढे पाठवायचे ते सांगणे. पण पुढे पाठवण्याचा अधिकार हाती आला की माणूस दवाखान्याच्या दारात रिकाम्या हाताने उभा राहत नाही. "मला नीट दिसत नाही" असे म्हणणाऱ्याला परत पाठवता येते. "नव्या चष्म्याने इतके दिसते, भोकातून इतके दिसते, दिवा असा दिसतो, हे चित्र बघा" असे सांगणाऱ्याला परत पाठवणे अवघड जाते. पुठ्ठा ही भीक नव्हे. तो पुरावा आहे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाच्या ४७ व्या कलमात लिहिलेले आहे. ते कर्तव्य मागताना हातात पुरावा असला पाहिजे.

तपासणी या शब्दाचा आमच्या इतिहासाशी जुना संबंध आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींच्या लेखनात काठेवाडच्या एका शिक्षकाची हकिकत नोंदवली आहे. ती १९२९ च्या डिसेंबरमध्ये 'यंग इंडिया'त छापून आली होती. त्याची बाळंतीण बायको आजारी. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. तिला वस्तीबाहेर आणायला लावले. थर्मामीटरही त्याने तिला स्वतः दिले नाही. ते आधी एका मुसलमान माणसाच्या हाती, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला. परत येतानाही तोच फेरा. ती बाई वाचली नाही. थर्मामीटर काही महाग वस्तू नव्हती. ती चार पावलांवर होती. अडले ते हातात देण्यापाशी. आज तसे उघड कोणी करीत नाही. केले तर कायदा आहे. पण स्वस्त साधन आणि गरजू माणूस यांच्यात आजही कोणीतरी उभे असते. कधी रिकामी जागा, कधी अपुरा वेळ, कधी "या लोकांना काय कळते" ही वृत्ती. डोळा तपासायचा तर समोरासमोर, हातभर अंतरावर बसावे लागते. माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. दिव्याला शेपूट दिसते म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. या तपासणीत सर्वांत स्वस्त साधन तेच आहे आणि सर्वांत दुर्मिळही तेच.

मग करायचे काय? आमच्या काही सूचना आहेत.

प्रत्येक विहाराच्या अभ्यासिकेत एक डोळ्यांची पेटी ठेवा. तिच्यात अक्षरांचा तक्ता, अक्षरे न येणाऱ्यांसाठी चिन्हांचा तक्ता, भोकाचा पुठ्ठा, वर्तुळांची चकती, एक बॅटरी, एक वही. सगळे मिळून एका हाराच्या खर्चात बसते. जयंतीच्या मिरवणुकीचा खर्च आम्ही बंद करा म्हणत नाही. त्यातला एक हार कमी करा म्हणतो.

वर्षातून दोन वेळा, शाळा सुरू होताना आणि परीक्षेच्या आधी, वस्तीतल्या दहा ते पंचवीस वयाच्या प्रत्येकाची तपासणी करून वहीत नोंद करा. ज्याचा तिरका नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो त्याच्या नावापुढे खूण करा. एका वेळच्या तपासणीपेक्षा दोन वेळांतला फरक अधिक बोलतो.

ज्यांच्यावर संशय येईल त्यांना घाबरवू नका आणि घरगुती औषध सुचवू नका. सोबत जा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात बुबुळाचा नकाशा काढण्याची मागणी करा. यंत्र नसेल तर जिथे आहे तिथे पाठवण्याची चिठ्ठी मागा.

माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. आपल्या तालुक्यात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याच्या जागा किती, भरलेल्या किती, शालेय नेत्रतपासणीत गेल्या वर्षी मुले किती तपासली, चष्मे किती दिले, पुढे किती पाठवली, हे लेखी विचारा. चष्मे किती वाटले हा आकडा सगळे सांगतात. पुढे पाठवलेल्यांचे काय झाले, हे कोणी सांगत नाही. तेच विचारा.

आणि आपल्या शिकलेल्या वर्गाला एक विनंती. आपल्यातून आता डॉक्टर झाले, नेत्रतपासनीस झाले, अभियंते झाले. महिन्यातला एक रविवार वस्तीला द्या. शिबिर घेऊन फोटो काढायला नव्हे, चार पोरांना ही कला शिकवायला. त्या मुलीने अर्ध्या मिनिटात एक डोळा वाचवला, कारण ती घरी आली होती. घरी न येणाऱ्यांची संख्या वाढते आहे, हे आम्ही दुःखाने लिहितो.

बाबासाहेबांची स्वतःची नजर शेवटच्या वर्षांत मंदावली होती. मधुमेहाने शरीर पोखरले होते. तरी १९५६ मध्ये 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाचे काम त्यांनी तडीस नेले. त्यांच्या पुस्तकवेडाच्या कथा आपण दर जयंतीला सांगतो. त्या सांगताना आपल्या शेजारी बसलेल्या मुलाला पुस्तकाची ओळ एक दिसते की दोन, एवढे तरी विचारले पाहिजे.

बुद्धाच्या धम्माला एहिपस्सिको म्हटले आहे: या आणि स्वतः पाहा. येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेसाठी जमाल तेव्हा बाहेर अंगणात या. प्रत्येकाला एक डोळा झाकून चंद्राकडे बघायला सांगा, मग दुसरा. ज्याला चंद्र एकाचे तीन दिसतील त्याला हसू नका. त्याचा हात धरा आणि सोमवारी त्याला घेऊन दवाखान्यात जा.

जय भीम!